चुलीचा तिसरा दगड

घावणं बिघडतील, एवढीच भीती त्या सकाळी मला वाटत होती. आदल्या दिवशी कुवेतमधल्या अर्दिया भागातल्या घरात मी भिजवलेले तांदूळ दोनदा वाटले होते. पीठ पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरलं होतं आणि गाडीत ती बाटली गुडघ्यांमध्ये धरून बसले होते. पुढे मामू गाडी चालवत होता. सुलैबियाचे भाजीचे मळे मागे पडले, तसा तो आरशातून बघून म्हणाला, "काय गो कॉलेजवाली, बाटली अशी धरलीस जशी काय त्यात जमजमचं पाणी आहे!"

मामू त्या कुवेती घरात अकरा वर्षं ड्रायव्हर होता. घरची बाई शाळेत शिकवायची. तिच्या सहा वर्षांच्या मुलीशी इंग्रजी बोलेल, अभ्यास घेईल, घरातच राहील अशी मुलगी तिला हवी होती. मामूने माझ्यासाठी शब्द टाकला. रायगडच्या किनाऱ्यावरच्या आमच्या घरात सातवीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं, आणि मी तर कॉलेजात. एक वर्ष राहून परत यायचं आणि उरलेलं कॉलेज पुरं करायचं, असं ठरलं. माझं इंग्रजी गाइडमधलं होतं, हे मी मामूलाही सांगितलं नाही.

त्यामुळे त्या घरात मी कायम धास्तावलेली असायचे. माझं अज्ञान उघडं पडेल, मला परत पाठवतील आणि मामूची मान खाली जाईल, असं वाटत राहायचं. त्यातून एक सवय लागली. न कळलेलं विचारायचं नाही. मान हलवायची, "येस" म्हणायचं आणि पुढे जायचं.

घरची माणसं वाईट होती, असं मात्र मी म्हणणार नाही. रमजानच्या मध्यावर तिथली मुलं गळ्यात पिशव्या अडकवून घरोघर गाणी म्हणत जातात, आणि लोक त्यात सुकामेवा नि गोळ्या टाकतात. मुलीच्या आजीने तिच्यासाठी पिशवी शिवली, तशीच एक माझ्यासाठीही शिवली. एकोणीस वर्षांची मी त्या पोरांच्या घोळक्यात पिशवी घेऊन फिरले. ईदला मी सांदणं केली, तर आजीने तीन खाल्ली आणि चौथं पदराआड लपवल्यासारखं काळ्या अबायाखाली नेलं. आजीचा बाप जहाजातून मुंबईला माल नेणारा, म्हणून तिला मोडकंतोडकं हिंदी यायचं. घरात माझं खरं बोलणं व्हायचं ते तिच्याशीच.

तिच्यापुढेच मी बढाई मारली. ते लोक थंडी सरताना वाळवंटात तंबू ठोकून राहतात. फेब्रुवारीच्या शेवटच्या सुट्टीत आम्हीही जाणार होतो. मी म्हटलं, आमच्याकडे तीन दगड मिळाले की कुठेही चूल होते आणि चुलीवरचं घावण गॅसवर होत नाही.

"तीन पत्थर? बस?" आजी म्हणाली. "दिखाओ."

मुक्कामाला पोचल्यावर मी बीडाचा तवा काढला. तंबूच्या मागे, वारा लागणार नाही अशा जागी बसले. मुलीचे आईवडील तंबूत सामान लावत होते, मामू गाडीतून पाण्याचे कॅन उतरवत होता. तंबूच्या दोऱ्यांवर ठेवायला आणलेले सिमेंटचे तुकडे होते, त्यातले तीन घेतले. तिसरा बुटका निघाला. तवा ठेवला की एका बाजूला कलायचा. आजी बघायला येणार, आणि माझं पीठ तव्यावरून ओघळून वाळूत जाणार.

मुलगी जवळच खेळत होती. मी मागे न बघता तिला म्हटलं, "जा, काहीतरी चपटं शोधून आण. दगडाखाली घालायला."

ती गेली. किती वेळाने आली ते आठवत नाही. माझ्या पाठीशी उभी राहून म्हणाली, "हे चालेल?"

मी काटक्या लावत होते. म्हटलं, "शाबास, दे."

तिने माझ्या हातात दिलं ते बुटाच्या पॉलिशच्या डबीसारखं होतं, जरा मोठं नि जाड. मातकट हिरवं, प्लॅस्टिकचं. फार जड नव्हतं. मी फुंकर मारून वाळू उडवली, दगड उचलून ते खाली सारलं, दगड वर ठेवला आणि तवा टेकवला. तरी कलतच होता. मग दगड काढून मी ते उलटं करून ठेवलं आणि तळव्याने दाबून बसवलं. आता तवा सरळ राहिला. मला इतका आनंद झाला की मी आजीला माचीस आणायला हाक मारली.

आजी आली. वाकली. हातातली माचीस तिने खिशात परत ठेवली. मग एका हाताने मुलीचं मनगट धरलं, दुसऱ्या हाताने माझं, आणि हळू म्हणाली, "आओ. पैर मेरे पीछे." गाडीच्या चाकांच्या खुणांवरून, जिथे ती पाऊल टाकेल तिथेच आम्ही टाकत गेलो. तिची बोटं माझ्या हाडात रुतत होती. गाडीपाशी पोचल्यावर ती आपल्या मुलाच्या, म्हणजे मुलीच्या बापाच्या नावाने जी ओरडली, तशी किंकाळी मी त्याआधी ऐकली नव्हती.

तेव्हा मला ते आठवलं. दोन आठवड्यांपूर्वी मुलीच्या शाळेतून एक कागद आला होता. त्यावर चित्रं होती, रंगवायची. गोल डब्या, नळकांडी, अननसासारखं काहीतरी. खाली अरबी ओळी. कुराण शिकल्यामुळे मला अक्षरं वाचता येत होती, अर्थ कळत नव्हता. कुणाला विचारलं नाही. मी मुलीशेजारी बसून तिला सांगत होते, रेषेच्या बाहेर जाऊ नकोस. त्या गोल डब्या आम्ही हिरव्या रंगवल्या होत्या.

इराकशी झालेलं युद्ध संपून सहा वर्षं झाली होती. ती जागा सुरुंग काढून साफ केलेली होती, असं सगळे म्हणत होते.

आम्ही सडकेपर्यंत मागे गेलो आणि थांबलो. मुलीच्या बापाने पुढच्या तंबूवाल्यांकडून फोन करून सुरुंग काढणारी माणसं बोलावली. दुपारपर्यंत उन्हात उभे होतो. माझी बाटली चुलीपाशीच राहिली होती आणि मला मूर्खासारखं वाटत होतं की पीठ आंबेल. ती माणसं आली, वाळूच्या गोण्या उतरवून चुलीकडे घेऊन गेली. मग एक आवाज झाला. मला वाटला होता त्याहून लहान, पण तो कानांआधी पायांना लागला. मुलीने टाळ्या वाजवल्या. तिच्या आईने तिचे हात पकडून बंद केले.

मी माझ्या उजव्या तळव्याकडे बघत होते. मी ते दाबलं होतं.

मग बापाने विचारलं, "तिथे ते आणलं कुणी?"

मुलगी माझ्याकडे बघत होती. मामूही बघत होता. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. मी म्हटलं, "मी. मला तिथेच पडलेलं दिसलं."

बापाने बायकोकडे बघितलं. मग म्हणाला, "हिला कुणी सांगितलंच नव्हतं. चूक आपली." आणि मुलीची आई, जिने मला आठ महिन्यांत कधी हात लावला नव्हता, तिने मला जवळ घेतलं आणि रडली.

त्या मिठीत मी लाकडासारखी उभी होते. त्यांना वाटलं, पोरगी घाबरलीय. मी घाबरले होतेच. पण मी मुलीला वाचवायला खोटं बोलले नव्हते. एखाद्या परक्या मुलीने नकळत काही उचललं, तर माफी होते. तिने त्यांच्या लेकराला ते शोधायला पाठवलं, हे कळलं असतं तर त्याच संध्याकाळी मी आणि मामू दोघंही रस्त्यावर असतो. परतताना मामू फक्त एवढंच म्हणाला, "अल्लानं राखलं गो तुला." मी काचेतून बाहेर बघत राहिले.

पुढचे पाच दिवस मला जेवण गेलं नाही. मुलगी कुणालाच काही बोलली नाही. ती आता मला प्रत्येक गोष्ट विचारायची. पेन्सिल उचलली, "ही चालेल?" फ्रिजमधलं दही, "हे चालेल?" पाचव्या दिवशी अभ्यास करता करता तिने विचारलं, "ते मी आणलं होतं. तू 'मी' का म्हणालीस?"

मी म्हटलं, "चित्र पुरं कर." आणि उठून गेले. ते आठवलं की अजूनही मला माझी लाज वाटते.

शुक्रवारी सकाळी आजी स्वयंपाकघरात आली. म्हणाली, "वो रोटी. आज बनाओ. गॅस पर." घरी थोडे तांदूळ भिजवलेलेच होते. मी पीठ केलं, नवा तवा ठेवला, अर्ध्या कांद्याने तेल फिरवलं. पहिलं घावण टाकलं आणि झाकण ठेवायच्या आधीच माझ्या तोंडून निघून गेलं. जमेल तशा हिंदीत, तिच्याकडे न बघता. मी तिला पाठवलं. तिने मला विचारलं होतं, चालेल का. मी बघितलं नाही. शाबास म्हटलं. तो शाळेचा कागद मला वाचता येत नव्हता, तरी मी विचारलं नाही.

आजीने हातातली ताटली ओट्यावर ठेवली. तिचा चेहरा असा झाला की मी भिंतीला टेकले. ती मुलाला हाक मारणार, याची मला खात्री होती. तिने नातीला हाक मारली.

मुलगी धावत आली. आजीने तिला स्टुलावर बसवलं, तिचे दोन्ही हात पुढे ओढले आणि एकेक बोट आपल्या चिमटीत धरून मोजलं. हळू, अरबीत, एक ते दहा. मुलगी हसायला लागली, गुदगुल्या होतात म्हणून. आजी हसली नाही. मग तिने नातीला बाहेर पिटाळलं.

नंतर तिने माझा उजवा हात धरला. मारणार, असं वाटून मी डोळे मिटले. तिने माझी बोटं मोजायला सुरुवात केली. करंगळीपासून. तळव्यापाशी ती थांबली, अंगठ्याने तो एकदा दाबला आणि दुसरा हात घेऊन पुढे मोजत दहापर्यंत गेली. त्यात माया होती की आणखी काही, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही सांगता येणार नाही.

मग तिने हात सोडले.

"बेटे को मैं नहीं बोलेगी," ती म्हणाली. "लड़की को तुम बोलो. आज." आणि तव्याकडे बोट केलं. "जल रहा है."

मी गॅस बारीक केला आणि मुलीला शोधायला गेले.