अक्काच्या घरामागचे चर

शिरपूरच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी अक्काचं घर होतं, आणि त्या घरामागच्या उतारावर मी चर आखले. नोकरीच ती माझी: एका पातळीत चुन्याची फक्की मारायची, त्या रेघेवर चर खोदून घ्यायचे, पाणी जिरवायचं. आमच्या खान्देशात पाणी वाहून जाऊ देणं म्हणजे पापच.

घर नेमकं डोंगराच्या दोन सोंडांमधल्या खोलगटाच्या तोंडाशी. सोंडेवर काळा दगड उघडा पडलेला, कुदळ मारली की ठिणगी उडायची. खोलगटात मात्र दोन्हीकडून वाहून आलेली माती कंबरभर साचलेली. मजूर खूश, मीही खूश. अक्का एकटी राहायची, सत्तरीच्या पुढची. चहाची किटली घेऊन वर आली आणि म्हणाली, "भाऊ, आठे खंदू नका. बठ्ठं पानी आठेच गोया व्हस."

मी हसलो. "अक्का, सगळं पाणी इथे गोळा होतं म्हणूनच तर अडवायचं!"

काय पण शहाणपणा! तिने तो उतार जन्मभर पाहिलेला, मी चार दुपारी. दगडावरची माती भिजून जड झाली की घसरते, सोंडेवरचं पाणी पांगतं आणि खोलगटात एकवटतं, हे मी शिकलो होतो. तिथे त्याला वाट करून द्यायची असते. पण मग माझी रेघ तुटली असती. या सोंडेपासून त्या सोंडेपर्यंत अखंड पांढरी रेघ, फोटोत काय झकास दिसायची! तेवढ्या मोहापायी मी तिचं ऐकलं नाही.

पुढच्या भादव्यात चार दिवस झड लागली. चर काठोकाठ भरले आणि पाणी खाली जिरत राहिलं. पाचव्या सकाळी तेवढी खोलगटातली मातीच सुटून खाली आली. सोंडा जागच्या जागी. गोठा गायींसकट गाडला गेला, घराची मागची भिंत आत आली. अक्का पुढच्या दारात दाणे पाखडत होती म्हणून वाचली.

मी दुपारी पोचलो. वाटलं, शिव्या घालेल. घालायलाच हव्या होत्या. तिने माझा हात धरला. "भाऊ, तुमना चर व्हतात म्हनीसन मी वाचनू. नहीतर बठ्ठा डोंगर आंगवर उना व्हता."

चरांनीच घात केला, अक्का, तुमचंच खरं होतं. एवढंच बोलायचं होतं. मी म्हणालो, "नशीब, अक्का." लाज वाटते मला त्या दोन शब्दांची. ती सुरतेला मुलाकडे गेली आणि तिथेच वारली.

यंदा त्याच गावातले दोघे भाऊ आले. शेजारच्या खोलगटाखाली नवी घरं बांधलीत, वर चर आखून द्या म्हणाले. माझ्या चरांनीच तिला वाचवलं, असं अक्का गावभर सांगून गेली होती. या वेळी मात्र मी सगळं सांगून टाकलं, माझी चूक, अक्काचं बोलणं, सगळं. दोघांनी शांतपणे ऐकलं. थोरला हसून म्हणाला, "भाऊ, तुम्ही कधीच मोठेपणा घेत नाही."

मी आखून दिले नाहीत, तेव्हा चर त्यांनी दुसऱ्याकडून खोदून घेतले.