आक्काताईनं बघितलेलं तिकीट

सांगलीतल्या त्या नाटकगृहाला दोन दारं होती. रस्त्यावरचं पुरुषांचं आणि बोळातलं बायकांचं. बोळातल्या दारावर लाकडी स्टूल टाकून आक्काताई बसायची. जैन घरातली, विसाव्या वर्षी नवरा गेलेली, अंगानं काटकुळी, पण आवाज असा की बोळाच्या पलीकडचं कुत्रं उठून जाई. बायकांचं तिकीट घ्यायचं, मधोमध फाडायचं, अर्धं डब्यात टाकायचं, अर्धं परत द्यायचं. चौदा वर्षं तिनं हेच केलं. फुकट्या बाईला तिनं कधी आत सोडलं नाही. मामलेदाराच्या मेहुणीलासुद्धा एकदा भर बोळात परत फिरवलं होतं.

तिला उभ्या सांगलीत किळस होती ती फक्त तिकिटं दाबून ठेवून चढ्या भावानं विकणाऱ्यांची. खिडकी उघडायच्या आधीच ही मंडळी भिंतीला चिकटलेली असत. भिंतीवर पिंका टाकायच्या, खेड्यातली बाई दिसली की ‘मावशे’ म्हणत लगट करायची, आणि तिच्या हातात कुठल्या तरी जुन्या खेळाचं चिटोरं कोंबून पसार व्हायचं. मदन त्यातला म्होरक्या. केसाला वासाचं तेल, तोंडात जर्दा, बोलणं लोण्यासारखं. तो जवळ आला तरी आक्काताईला मळमळायचं आणि ती पदर नाकाला लावायची.

म्हणून तिनं एक रीत पाडली होती. बोळात शिरणाऱ्या बाईला ती ओरडून सांगे, “आदी पैसं देऊ नगंस! तिकीट हातात घे, त्या मुडद्याला संगं घे, आन् माज्या दारापतूर ये. मी बगते. मी व्हय म्हटलं तरच पैसं सोड.” हळूहळू हे गावोगाव पसरलं. आक्काताईनं बघितलेलं तिकीट म्हणजे खरं तिकीट, असं तासगाव-विट्याच्या बायकाही म्हणू लागल्या. तिच्याजवळ दुसरं होतं काय? एक स्टूल आणि हा शब्द.

पण या कडक बाईचंही एक हळवं दुखणं होतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी एक नवी नवरी आली होती. आक्काताईनं तिचं तिकीट फाडलं तसा त्या पोरीनं हात असा मागं घेतला, जणू चटका बसला. मागून सासू पुटपुटली, “रांडमुंड बाईनं फाडलं गं, पहिल्याच खेळाला.” ते आक्काताईच्या काळजात रुतून बसलं. त्या दिवसापासून हिरव्या चुड्याच्या हातातलं तिकीट ती फाडत नसे. कोपऱ्यावर अंगठ्याचं नख दाबून एक खूण करायची आणि अख्खं तिकीट परत द्यायची. नव्या नवऱ्या ते जपून माहेरी न्यायच्या. मॅनेजर विष्णुपंतांना हे माहीत होतं. वाईचा मऊ माणूस, तेही काही बोलत नसत.

पुढं लढाई आली, कागद मिळेनासा झाला. पूर्वी रोजच्या खेळाला निराळ्या रंगाचं तिकीट असे, वर तारखेचा शिक्का. आता कंपनीच्या एका मुक्कामाच्या सगळ्या खेळांना एकच पिवळं तिकीट, शिक्का नाही, नुसता खुर्चीचा आकडा. फाडलेलं ते वापरलेलं, अख्खं ते नवं, एवढीच ओळख राहिली.

त्या वर्षी एका मोठ्या गाणाऱ्या बाईंचे तीन जलसे लागले. शुक्रवार, शनिवार, रविवार, तिन्ही दुपारचे. शुक्रवारी मदनची नवी बायको शालन आली. सोळा वर्षांची, कोपरापर्यंत चुडा, खाली मान. आक्काताईनं मनात म्हटलं, असल्या ओंगळ माणसाच्या गळ्यात असली पोर! तिनं नख दाबलं आणि तिकीट परत दिलं.

शनिवारी खिडकीवर भरल्याची पाटी लागली तेव्हा बोळात साळूबाई उभी होती. माण तालुक्यातल्या दहिवडीची, पायात वहाणा नाहीत, खांद्यावर घोंगडं. नवरा मुंबईला, मागं मेंढरं हिच्या गळ्यात. बाजारच्या दिवशी चहाच्या हॉटेलात फोनोवर तिनं या बाईंची तबकडी ऐकली होती आणि ऐकताना डोक्यावरची पाटी खाली ठेवायची विसरली होती. ते गाणं खऱ्या तोंडून ऐकायचं म्हणून ती दोन मोटारी बदलून आली होती.

मदननं तिला गाठलंच. पण साळूबाई सांगितल्या रीतीनं वागली. त्याला घेऊन दारापर्यंत आली.

“आक्का, बगा वो. खरं हाय का?”

दारावर झुंबड होती. आक्काताईनं तिकीट उलटंसुलटं केलं. पिवळं, अख्खं, आकडा चौदा.

“खरं हाय. दे पैसं.” तिनं ते फाडून साळूबाईला आत सोडलं. मदन हसला. ते हसणं तिला आवडलं नाही, पण मागं रांग होती.

तंबोरे लागायच्या आतच आतून कालवा आला. चौदा नंबरच्या खुर्चीवर शरयूबाई वकीलीण बसल्या होत्या, खिडकीवरच्या तिकिटाचं अर्धुक हातात घेऊन. तसंच अर्धुक साळूबाईच्याही हातात. विष्णुपंतांनी दोघींना अंगणात आणलं. शरयूबाई घोंगड्यापासून दोन हात लांब उभ्या राहून म्हणाल्या, “ही असली माणसं! पोलिसात द्या हिला.”

“मी काय चोरलंय व्हय?” साळूबाई रडकुंडीला आली. “आक्कांनी बगितलंय की! इचारा त्यास्नी.”

आक्काताईनं तिच्या हातातलं अर्धुक घेतलं आणि उन्हात धरलं. कोपऱ्यावर एक बारीक चंद्रकोर होती. गरम तांब्यानं दाबून सपाट केलेली, पण उन्हात तिरकी दिसत होती. तिच्याच नखाची. कालची. शालनच्या हातात दिलेली.

चौदा वर्षं तिला मदनची किळस येत होती, आणि आता मदननं तिच्याच अंगठ्याखालून तिकीट काढलं होतं. त्यानं तिचं दुखणं बघून ठेवलं होतं. विधवा बाई नव्या नवरीच्या तिकिटाला हात लावायला कचरते, हे त्यानं हेरलं आणि त्याचा धंदा केला. गप्प बसली असती तर कुणाला काही कळणार नव्हतं. खेडवळ बाईच लबाड ठरली असती, आणि आक्काताईचा शब्द शाबूत राहिला असता.

“पंत, हिचं काय चुकलं न्हाई,” ती म्हणाली. “ह्ये कालचं तिकीट हाय. मी फाडलं न्हवतं. आन् आज मीच खरं म्हणून सांगितलं.”

विष्णुपंतांनी ते अर्धुक घेऊन खिशात टाकलं. मग म्हणाले, “उद्याचा खेळ होऊ द्या. मग तुमचं काय करायचं ते बघू.”

साळूबाईला तिनं आपल्या स्टुलावर, दाराच्या पडद्याआड बसवलं आणि स्वतः तीन तास उभी राहिली. गाणं संपल्यावर साळूबाईनं डोळे पुसले, घोंगडं उचललं. रागावली नाही. जाता जाता एवढंच म्हणाली, “पर आक्का, तुमी तर बगितलं हुतं.”

रविवारी शालन पुन्हा आली. तोच चुडा, तीच खाली मान, हात पुढं. आक्काताईनं तिकीट घेतलं आणि टरकन फाडलं. पोरीनं चटका बसल्यागत हात मागं घेतला. आक्काताईनं तो हात धरून अर्धं तिकीट त्यात ठेवलं.

“जा बाई. आज ह्ये तुज्या एकलीचं हाय. पोटभर गाणं ऐक.”

बोळाच्या तोंडाशी उभा असलेला मदन धावत आला. तोंडातला जर्दा गळत होता, चेहरा पांढरा पडला होता. “आक्का, काय केलंस ह्ये? नवी नवरी हाय ती! इपरीत झालं म्हंजी?”

“नवरी हाय म्हून तर तिला धाडलीस न्हवं?”

अख्ख्या जिल्ह्याला फसवताना ज्याला देवाचं भय वाटलं नाही, तो माणूस खाली बसला आणि डब्यात दोन्ही हात घालून बायकोच्या तिकिटाचा तुकडा शोधू लागला. सगळे तुकडे पिवळे. एक उचलायचा, टाकायचा, दुसरा उचलायचा. आक्काताईनं पायानं डबा बाजूला सरकवला.

“ऊठ. बाया खोळंबल्यात.”

पुढची बाई पुढं आली. तिच्याही हातात हिरवा चुडा होता. तिनं मागं वळून सासूकडं बघितलं, मग तिकीट दिलं. आक्काताईनं ते मधोमध फाडलं.