कुणाच्याच मालकीची नसलेली गॅलरी

आमची काळाचौकीची चाळ एवढी लांब होती की पहिल्या खोलीत लसणाची फोडणी बसली, तर शेवटच्या खोलीत ठसका पोचेपर्यंत पहिल्या खोलीतल्यांचं जेवून, ताटं धुऊन झालेलं असायचं. खोटं वाटत असेल तर जाऊन मोजा, असं मी पूर्वी म्हणायचो. आता म्हणत नाही, कारण तिथे खड्डा आहे. तोही असा की वाकून हाक मारली तर थेट पाताळातून कोणीतरी ‘पार्किंग फुल्ल’ म्हणेल.

चाळ पाडली आणि सगळे पांगले. बाबांना घेऊन मी चिंचपोकळीला भाड्याच्या खोलीत आलो. गिरणी गेली तेव्हा न खचलेला हा माणूस इथे दिवसभर बंद दाराकडे बघत बसायला लागला. गॅलरीच नाही, तर बोलणार कोणाशी? मी धंद्याने सॉफ्टवेअरवाला. चाळीत शेजारच्या खोलीत वाढलेल्या मित्राला गाठलं आणि अख्खी चाळ कॉम्प्युटरमध्ये उभी करायची ठरवली. ज्याने त्याने आपल्या घरून डोळ्यांवर गॉगल चढवून आत शिरायचं आणि गॅलरीत गप्पा मारायच्या.

“सर्व्हर कोणाकडे ठेवायचा?” मित्राने विचारलं.

“सेक्रेटरीकडे?”

“येडा झालास काय? उद्या म्हणेल, चाळ माझी.”

बिल्डरच्या कागदांवर सह्या करण्यावरून एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं ही. म्हणून सर्व्हरच नको. घरोघरी डब्याएवढं यंत्र, ज्याची खोली त्याच्या यंत्रात, आणि सगळी यंत्रं थेट एकमेकांशी बोलणार. मध्ये कोणी साहेब नाही. हे मीटिंगमध्ये सांगितलं तेव्हा एवढ्या टाळ्या पडल्या की पार परळची कबुतरं उडाली.

मग कोपऱ्यातल्या खोलीच्या काकू उठल्या. “आणि गॅलरी कोणाच्या यंत्रात?”

झालं. पाण्याचं पिंप कुठे आणि चपलांचं कपाट कुठे, यावरून त्या गॅलरीत तीन पिढ्या भांडल्या होत्या. शेवटी ठराव असा झाला की गॅलरी कोणीच साठवायची नाही. चालू असलेल्या यंत्रांनी ती हातोहात सांभाळायची. एक तरी यंत्र चालू आहे तोवर गॅलरी आहे.

“आणि सगळी एकदम बंद पडली तर?” मी विचारलं.

“सगळी एकदम?” काकू म्हणाल्या. “बाळा, ह्या चाळीत सगळ्यांनी एकदम काही केलंय कधी?”

वर्षभर गॅलरी नांदली. कोणी दोरीवर कपडे टाकले, कोणी तुळस आणली, वारलेल्या एका आजोबांची खुर्चीही कोणीतरी आठवणीने मांडली. बाबा रोज संध्याकाळी गॉगल लावून हवेत कोपर टेकायचे आणि असे झुकायचे की समोर कठडा नाही यावर माझाच विश्वास बसेना. खदखदून हसायचे. चहा गार व्हायचा.

आणि गणपती आले. गणपतीला आमची चाळ कोकणात जाते. सगळी, एकदम. गॅस बंद, नळ बंद, मेन स्विच बंद. मला शंका आली म्हणून मित्राला फोन केला.

“तुझं यंत्र चालू ठेव.”

“तू ठेवतोयस ना? मग झालं.”

मी ठेवलंच होतं. बॅगा घेऊन टॅक्सी थांबवायला मी खाली उतरलो, आणि कुलूप लावून बाबा मागून आले.

परत आलो तर घरात अंधार.

“बाबा, मेन स्विच तुम्ही बंद केलात?”

“मग? गावाक जाताना कोण चालू ठेवता?” आयुष्यभर सांभाळलेल्या शिस्तीच्या तोऱ्यात ते म्हणाले. मी स्विच वर केला.

ज्यांनी यंत्रं पुन्हा लावली त्यांच्या खोल्या परत आल्या. पण दार उघडलं की बाहेर नुसतं करडं. मी ग्रुपवर लिहिलं, सगळे या, पुन्हा बांधू. अंगठे भरपूर आले, माणूस एक नाही. काकूंचं यंत्र सुनेने भंगारात दिलं होतं. मित्र म्हणाला, “परत मीटिंग? परत पिंपावरून राडा? सोड ना यार.” मग मी एकट्यानेच एक गॅलरी केली, सरळ, स्वच्छ. बाबा दोन पावलं चालले. “ही खंयची?” म्हणाले आणि मागे फिरले. ती मी पुसून टाकली.

अजूनही संध्याकाळी ते गॉगल लावतात, आपल्या खोलीचं दार उघडतात आणि त्या करड्यात बघत उभे राहतात.

परवा म्हणाले, “माझ्यावर रागावले काय रे सगळे?”

“नाही हो. गावाला गेलेत.”

“अजून?”

“येतील.”

हिंदमाताला तुंबलेल्या पाण्यात देवमासा बघितल्याचं शपथेवर सांगणारा माणूस मी. मला याहून बरी थाप सुचली नाही. बाबांनी हात लांब करून हवेतलं दार ओढून घेतलं. गॉगल मात्र काढला नाही.