अवसेच्या आदल्या दिवशी तापवलेला पत्रा

फोरमन मला पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर नको होता. आम्ही नगरचे तांबट. वडिलांचा अख्खा जन्म बंब-घागरी घडवण्यात गेलेला आणि मीही मिसरूड फुटल्यापासून त्यांच्याबरोबर हातोडी चालवत आलेलो. लढाई सुरू झाल्यावर तांबं मिळेना, म्हणून छावणीजवळच्या कारखान्यात विमानाचा पत्रा ठोकायला दोघेही लागलो. तिथं हा मुंबईचा फोरमन नाकाने कांदे सोलत बसलेला. "चार घागरी बडवल्या म्हणून विमान घडवता येत नाही," हे तो वडिलांच्या तोंडावर म्हणाला. वडील त्याला एकदाच सुनावून गप्प बसले, आणि तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. वडिलांना जे सांगायचं ते तो मला सांगायचा.

तो पत्रा अॅल्युमिनियमचा, पण घरच्या पातेल्यातला नव्हे. त्यात तांबं वगैरे मिसळलेलं, जात कडक. बंदुकीच्या दारूत घालतात त्या सोऱ्याचा क्षार वितळवलेल्या टाकीत तो तापवायचा, लगेच पाण्यात बुडवायचा, की मऊ पडतो. मग साच्यावर ठेवून ठोकायचा. तापवलेला पत्रा आजवर आम्ही लगोलगच ठोकत आलो होतो, म्हणून पुढे त्याचं काय होतं हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

अवसेला तांबट हातोडीला हात लावत नाही. अवसेच्या आदल्या दिवशी फोरमन माझ्याकडे आला आणि म्हणाला, उद्या तुमची सुट्टी, तर आज जास्तीचा पत्रा तापवू नका. पाण्यातून काढला की तासाभरात ठोकायचा, नंतर तो आपोआप कडक होतो. "सांग त्या म्हाताऱ्याला."

म्हाताऱ्याला! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आणि पत्रा आपोआप कडक होतो? तांबं एकदा लाल करून पाण्यात घातलं की हातोडी बसेपर्यंत मऊच राहतं, मग महिना जावो की वर्ष. आमच्या सात पिढ्यांना जे ठाऊक, ते हा दीडशहाणा आम्हाला शिकवणार? मी वडिलांना काही सांगितलं नाही. वडिलांनी संध्याकाळपर्यंत आठ पत्रे तापवून, बुडवून, पुसून रचून ठेवले. परवा सकाळी बसल्या बसल्या ठोकता येतील म्हणाले.

अवस उलटल्यावर सकाळी पहिल्याच पत्र्याची कड चिरली. वडिलांना वाटलं हात चुकला. दुसरा घेतला, तोही चिरला. तिसऱ्याला मधोमध तडा गेला, तेव्हा त्यांनी हातोडी खाली ठेवली.

बेचाळीसची धामधूम होती ती. तारा तुटत होत्या, किल्ल्यात पुढारी कोंडलेले. विमानाचा पत्रा फुटला म्हटल्यावर गोरा साहेब पोलीस घेऊनच आला. त्याने कारकुनाकरवी विचारलं, हा घातपात कोणाचा? वडिलांनी चिरलेला पत्रा उचलून त्याच्यापुढे धरला. फोरमन पुढे होऊन म्हणाला, मी याच्या मुलाला आधीच बजावलं होतं, विचारा त्याला.

साहेबाने मला विचारलं. सगळा कारखाना माझ्याकडे बघत होता.

"मला कुणी काही सांगितलं नाही," मी म्हणालो.

सूचना दिलीच नाही, म्हणजे घातपात फोरमनचाच, असं साहेबाने ठरवलं. पोलिसांनी त्याच्या दंडाला धरलं. तो ओरडला नाही. पोटच्या मुलाची शपथ घेऊन सांगतो, एवढंच तो पुन्हापुन्हा म्हणत होता, आणि रडत होता. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? जिरली एकदाची, असंच वाटलं.

घरी जाताना वाटेत वडील थांबले. "सांगितलं हुतं का त्यानं तुला?" मी त्यांच्या पायांकडे बघत उभा राहिलो. ते वळले आणि आल्या वाटेने छावणीकडे चालायला लागले. मी मागून हाका मारल्या, धावत जाऊन सदऱ्याला धरलं. त्यांनी माझा हात झटकला.

साहेबासमोर जाऊन ते म्हणाले, पोराने मला निरोप दिला होता, मीच विसरलो. पोरगं मला वाचवायला खोटं बोललं. साहेबाने फोरमनला सोडलं आणि त्यांना आत घातलं.

सहा दिवसांनी सुटले, पण त्यांना कारखान्याचं दार कायमचं बंद झालं. मला मात्र कामावर ठेवलं होतं, त्याच फोरमनच्या हाताखाली. वडील दारात आले तेव्हा दाढी वाढलेली, गाल आत गेलेले. पाय धुवायला मी पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही.

"त्यो मानूस वाईट हाय," ते म्हणाले. "पर त्या दिशी खरा हुता."

आणि रांजणाकडे जाऊन स्वतःच पाणी काढून घेतलं.