श्रावण पेंटरचे पांढरे बाण

आमच्या भद्रावतीत श्रावण रामटेके पेंटर म्हणजे बाणासाठी नाव. दुकानाची पाटी असो की जयंतीचा मंडप, रस्ता दाखवणारा बाण त्याच्याच हातचा पाहिजे. टोक धारदार, मागं पिसाचे तीन फटके. "माह्या बाणानं आंधळाही बरोबर पोचन," म्हणे. लय टेंभा मिरवे लेकाचा. कमाईच्या नावानं मात्र बोंब.

त्याचा मोठा भाऊ देवाजी माह्यासंगं कोळशाच्या खदानीत होता. नऊ वर्षं आम्ही एकाच पाळीत. त्यानंच साहेबाच्या हातापाया पडून चौऱ्याऐंशीत श्रावणले काम मिळवून दिलं. खाली धूर कोंडला तर माणसांले बाहेरची वाट दिसावी, म्हणून भिंतीवर पांढरे बाण काढायचे होते. तपासणीत काम पास झालं तर पक्की नोकरी, साहेब बोलले. श्रावणच्या घरी तीन पोरी. त्या नोकरीवरच त्याचा सगळा जीव टांगलेला.

त्यानं पत्र्याचा साचा कापला. आत जाताना एका भिंतीवर बाण मारत गेला, टोक उजवीकडे, म्हणजे बाहेरच्या अंगाले. परत येताना समोरची भिंत धरली. तिथं टोक डावीकडे पाहिजे, साचा उलटा धरायचा होता. पण सकाळपासून हात एकाच वळणाले पडलेला. अकरा बाण चुकले. सगळे आतल्या बंद गल्लीकडे वळले, जिथून बाहेर निघायले वाटच नाई.

गुरुवारी घरी साचा पुसताना त्याच्या ध्यानात आलं. शुक्रवारी तपासणी. आता चूक सांगितली तर नोकरी गेली, म्हणून गप राह्यला. सोमवारी रंगाचा दुसरा हात मारायले खाली उतरू तवा गुपचूप सुधारू, असा त्याचा हिशेब. तपासणीवाला साहेब आला, रंग पाह्यला, काम पास केलं अन् वर गेला. मुडदा बसो त्याचा, एक बाण तरी नीट पाह्यचा होता!

शनिवारी सकाळच्या पाळीत कोळसा वाहणारा पट्टा पेटला. धुरात टोपीवरचा दिवा हातभर पुढचंही दाखवेना. आम्ही पाच जण कोळशाच्या डब्यांचे रूळ पायानं चाचपत बाहेर निघालो, जुनी सवय. देवाजी भिंतीशी थांबला. मी त्याचा हात ओढला.

"अरे, तिकडं कुठी जाऊन राह्यला? रूळ इथी आहेत!"

त्यानं हात सोडवला. "हरिदास, बाण पाह्य ना! श्रावणच्या हातचा आहे, चुकन कसा?"

अन् गेला. आम्ही चौघं वाचलो. देवाजी बंद गल्लीत सापडला, अकराव्या बाणाखाली.

घाटावर त्रिशरण झालं, चिता पेटली. श्रावण माह्याजवळ येऊन उभा राह्यला. "भाऊ, मले गुरुवारीच कळलं होतं," म्हणाला, अन् सगळं सांगितलं. माह्या तळपायाची आग मस्तकात गेली. गचांडी धरणार, तेवढ्यात त्यानं विचारलं, "दादा जाताना काही बोलला का?"

नाई म्हणायले माह्या बापाचं काय जात होतं? पण रागाच्या भरात मी शब्दनशब्द सांगून टाकला.

तो खाली बसला. चिता विझेस्तोवर उठला नाई.

त्यानंतर श्रावणनं ब्रश हाती धरला नाई. आता वीटभट्टीवर मजुरी करते. मले पाह्यलं की रस्ता बदलते. अन् खरं सांगतो, मीही बदलतो.