कोंडवाड्यातल्या दोन गाई

ते प्रकरण अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. ऐंशीच्या दशकातलं, पावसाने दगा दिलेलं वर्ष. मी मुलुंडला उपनिरीक्षक होतो, शिपायापासून वर चढलेला.

डोंगराखालच्या गावठाणाचं सामायिक गुरचरण होतं. एकेका घराने पाळीने सगळ्यांची गुरं राखायची आणि वरच्या माळावरचं गवत दसऱ्यापर्यंत बंद ठेवायचं, हा जुना रिवाज. भाद्रपदात तिथे आठवड्याभरात चार गाई मेल्या. खबऱ्याने कळवलं, दुष्काळी भागातून दोन गाई घेऊन मेव्हण्याकडे आलेला एक गुराखी बंद माळावर दिसतो. पाठोपाठ गावठाणातले एक वयस्कर काका फिर्याद द्यायला आले.

"साहेब, त्याच्या गाई बघा, कशा तुकतुकीत आहेत. मग आमच्याच का मेल्या?"

त्यानेच विष घातलं, हे मला पटलं. गुरं मारल्याचं कलम ४२९ लावून गुराख्याला उचलला. त्याच्या गाई कोंडवाड्यात घातल्या.

चौकशीत त्याचं एकच पालुपद : गवत चोरलं, विष घातलं नाही. माझा आवाज चढला, टेबलावर हात आपटून झाला. कोंडवाड्यात चाऱ्याची काडी नाही, हे मला ठाऊक होतं आणि त्यालाही. शेवटी सौदा टाकला.

"कबूल कर. संध्याकाळच्या आत गाई मेव्हण्याच्या ताब्यात देतो."

"नक्की ना, साहेब?" एवढंच विचारून त्याने कबूल केलं.

मी शब्द पाळला. मग सविस्तर जबाब लिहायला बसलो. विष कोणतं? उंदराचं. कुठून आणलं? आठवत नाही. कशात घातलं?

"तुम्ही सांगाल त्यात."

माझं डोकं चालेना. गुन्हेगार कबुली देतो आणि गुन्हा त्याला माहीत नाही, हे काय?

गुरांच्या सरकारी डॉक्टरांना बोलावलं. सगळ्यात शेवटी मेलेल्या गाईचं पोट त्यांनी उघडलं, आजारी पडलेली पाचवी तपासली. डोळे पिवळे, नाकाडावरची कातडी सोललेली. म्हणाले, ही घाणेरीची विषबाधा. एरवी गुरं त्या झुडपाला तोंड लावत नाहीत, उपाशी असली की खातात. पाळीवाल्याने रिवाज पाळून गुरं दिवसभर खालच्या बोडक्या उतारावर ठेवली होती. तिथे हिरवं म्हणून घाणेरीच उरली होती. रिवाज मोडणाऱ्याच्या गाई जगल्या.

काकांना म्हटलं, वरचा माळ उघडा.

"आत्ताच उघडला तर फाल्गुनात गुरांना काय घालू?"

याचं उत्तर कुठल्याच कलमात नव्हतं. गुन्हा घडलाच नाही, गैरसमजातून नोंदला गेला, अशी 'क' समरी मी कोर्टाकडे पाठवली. वरिष्ठांनी शेरा मारला, घाईने कबुली घेतली. बढती लांबली. रोज गुन्ह्यांचा निकाल मागायचा तोही त्यांनीच. तो राग अजून आहे.

सोडताना गुराख्याला झापलं, खोटं का बोललास?

"खोटं तुम्ही मागितलंत, साहेब. मी गाई मागितल्या."

त्याआधी मी पुष्कळ कबुल्या मिळवल्या होत्या, त्यांवर शाबासकीही घेतली होती. त्या कोणी काय वाचवायला दिल्या, हे कधी विचारलं नव्हतं. आता विचारायचं तर कोणाला?