कोरडी पडू न दिलेली वाळू

मोठ्या बहिणीला आमच्या घरात बाई म्हणतात. बाईला दर्यापूरच्या पलीकडं खारपाणात दिली, म्हणजे जिथं विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही आणि तुरीची डाळ कितीही उकळा, दाताखाली टणकच लागते, अशा गावात. मी सगळी नोकरी जलशुद्धीकरण केंद्रावर केली. वाळूचे हौद धुवायचे, तुरटीचं प्रमाण बघायचं, पाणी गाळून सोडायचं. गावभर लोक माझ्या हातचं पाणी पीत होते आणि सख्खी बहीण खारं. एखाद्या लग्नाच्या पंगतीत कुणी तरी हे मला हटकून ऐकवायचं. ऐकवणाऱ्याचा मला फार राग यायचा, कारण तो खरं बोलत असे.

दोन वर्षांपूर्वी बाईच्या किडन्यांचं दुखणं निघालं. अकोल्याच्या डॉक्टरांनी मीठ कमी केलं, पापड-लोणचं तोडलं, खायचा सोडा पूर्ण बंद केला आणि खाऱ्या पाण्याचा एक घोटही नको म्हणून बजावलं. त्यांचं सांगून झालं. आता गोडं पाणी आणायचं कुठून? नळ दहा-बारा दिवसांनी यायचा आणि कॅनची गाडी तिच्या मर्जीनं. तेव्हा माझं लक्ष भाऊजींच्या शेततळ्याकडं गेलं. पावसाचं साठलेलं पाणी, गढूळ पण गोड. आणि गढूळ पाणी म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ.

निवृत्त माणसाला काम मिळालं की तो घरच्यांना पळवतो, तसं मी सगळ्यांना पळवलं. निळा ड्रम आणला. तळाशी गिट्टी, त्यावर जाड वाळू, वर बारीक वाळू. वाळू मी स्वतः सात पाण्यांनी धुतली. भाऊजी म्हणाले, तीन पाण्यांत झाली की. मी त्यांच्यावर खेकसलो. वाळूवर चार बोटं पाणी कायम उभं राहील अशी तोटी बसवली. आणि एक गोष्ट तीनतीनदा सांगितली. वाळूच्या वर बुळबुळीत साय धरते. ती घाण वाटते, पण पाण्यातले जंतू तीच मारते. वाळू कोरडी पडली की ती साय मरते आणि पुन्हा धरायला दोन-तीन आठवडे जातात. म्हणून काही झालं तरी वाळू कोरडी पडू द्यायची नाही.

पाणी सुरेख उतरलं. बाई ते उकळून प्यायची आणि मला फोनवर डाळीची खबर द्यायची. आज दोन शिट्ट्यांत शिजली, आज पार गळून गेली. हिवाळ्यातला रिपोर्टही जरा बरा आला. मी चहाच्या टपरीवर बसून हे सगळं न विचारता लोकांना सांगत असे.

चैत्रात तिच्याकडं गेलो. भाऊजी आणि मी जेवायला बसलो. वरण लोण्यासारखं मऊ होतं, पण दुसऱ्या घासाला मागून साबणासारखी चव आली. मी हात थांबवला.

"बाई, सोडा टाकला काय?"

"चिमूटभर. आताशा शिजतच नाही, टाकाच लागते. तू येनार होता, म्हनलं मऊ पायजे."

"शिजत काहून नाही? तळ्याचं पानी हाय ना?"

"तळं तं शिमग्यालेच आटलं," भाऊजी म्हणाले.

"मंग ड्रममंदी काय टाकून राहिले?"

"इहिरीचं," बाई म्हणाली. "तूनच तं सांगतलं होतं, वाळू कोरडी पडू देऊ नोको म्हून. रोज दोन बादल्या टाकतो आमी. एक दिवस खाडा नाही केला."

"अन् खालून निंगते थे?"

"थेच पेतो. जरा खारट लागते, पन साफ निंगते. गाळेल हाय ना."

मी तसाच उठलो, खरकट्या हातानं परसात गेलो आणि तोटीखाली पेला धरला. इतकं नितळ पाणी आमच्या केंद्रावरही क्वचित निघालं असेल. घोट घेतला, तर निव्वळ विहिरीचं खारं पाणी. वाळूनं गढूळपणा जातो, खार जात नाही. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकलेली ही गोष्ट मी या घरात एकदाही बोललो नव्हतो. मला ती इतकी पाठ होती, की सांगायची असते हेच सुचलं नाही. स्वतःचा एवढा राग मला पूर्वी कधी आला नव्हता.

आत येऊन सांगितलं. भाऊजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मंग गाळलं कायले?" बाईनं पदरानं हात पुसले आणि विचारलं, "आता काय पेऊ मंग?" नळाला अजून आठवडा होता, कॅनवाला फोन उचलत नव्हता. भाऊजींच्या गाडीवर बसून आम्ही दर्यापूरहून दोन कॅन आणले. ते चार दिवस पुरले असतील.

पुढच्या आठवड्यात मी बाईला अकोल्याला नेलं. रिपोर्टातला आकडा चढला होता, चांगलाच. पाण्यामुळं किती, सोड्यामुळं किती आणि दुखणंच वाढलं म्हणून किती, हे कळायला मार्ग नव्हता. पाणी कोणतं पिता, असं त्यांनी विचारलं तेव्हा बाई पटकन म्हणाली, "कॅनचं." माझ्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. मी रिपोर्ट घडी घालून पुन्हा पाकिटात घातला.

परतीच्या बसमध्ये दर्यापूर जवळ आल्यावर बाई हळूच म्हणाली, "एक विचारू काय? राग नोको येऊ देऊ."

"विचार ना."

"थे वाळू आता कोरडी पडू देऊ काय? तून सात पान्यानं धुतली होती."

मी पडू दे म्हणालो. तिनं मान हलवली आणि उतरायचं म्हणून मांडीवरची औषधांची पिशवी उचलली.